वाढत्या नगरीतला संसार : साष्टीची दीडशे वर्षे

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला, की श्रोत्यांच्या मनात गड, तह आणि तलवारी उभ्या राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहोत, तो या मंडपाखालच्या जमिनीचा इतिहास आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे आपण रोज उच्चारतो. ती एके काळी गावांची नावे होती. त्या गावांना शीव होती, तळे होते, ग्रामदेवता होती. या साऱ्याचे शहर होत असताना तेथे राहणाऱ्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

शहरे का वाढतात, याची मीमांसा विद्वानांनी पुष्कळ केली आहे. बंदर, गिरणी, आगगाडी, दुष्काळ ही कारणे शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. आमचा प्रश्न निराळा आहे. शहर झपाट्याने वाढत असताना त्या वाढीच्या पोटात संसार करणे म्हणजे काय? आणि ही वाढ ज्याच्या पदराला खार लावून होते, त्याचा हिशेब कोठे लिहिला जातो? आमच्या मते उपनगरांचा सारा इतिहास या हिशेबाच्या दृष्टीनेच वाचला पाहिजे.

प्रथम भूगोलाचे थोडे स्मरण करू. माहीम आणि शीव यांच्या खाड्यांपलीकडे उत्तरेस जे मोठे बेट आहे, त्याचे जुने नाव सासष्टी अथवा साष्टी. सहासष्ट गावांचे बेट म्हणून हे नाव पडले, अशी समजूत आहे. पोर्तुगीजांनी त्याचे साल्सेट केले. बेटाच्या मध्यावर डोंगर. त्याच्या पश्चिमेस अंधेरी-बोरिवली, पूर्वेस घाटकोपर-मुलुंड. डोंगराच्या कुशीत कान्हेरीची लेणी आणि पायथ्याकडे महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर ही लेणी. तेव्हा, उपनगरे कालपरवाची आहेत, असे म्हणणाऱ्यांनी निदान ही लेणी तरी एकदा पाहून यावीत.

१५३४ साली हे बेट पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली व दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई जिंकून ती मोहीम पुरी केली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. राज्ये बदलली, तरी खाचरात भात, खाडीकाठी मिठागर, किनाऱ्याला कोळ्यांची होडी आणि डोंगरात वारल्यांचा पाडा हा क्रम चालूच राहिला. आगरी, कोळी, भंडारी, कुणबी, वारली आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले, पण घरात मराठीच बोलणारे ईस्ट इंडियन हे या भूमीचे जुने रहिवासी होत. राजांचे येणे-जाणे त्यांनी सोसले. शहराचे येणे मात्र निराळे ठरले.

मुंबई शहर साष्टीकडे प्रथम आले ते राहावयास नव्हे, मागावयास. पहिली मागणी पाण्याची. भर डोंगरात विहारचा तलाव बांधण्यात आला. १८६० साली तो पुरा झाला आणि नळाने पाणी मुंबई बेटावर जाऊ लागले. १८७९ साली तुळशी तलावाची भर पडली. दुसरी मागणी दगडाची. मुंबईच्या ज्या भव्य इमारती पाहून पाहुणे थक्क होतात, त्यांतील कित्येकांच्या भिंतींना मालाड आणि कुर्ला येथील खाणींचा दगड आहे. याच व्यवहाराची खूण म्हणून अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीकडे पाहावे. आजूबाजूचा खडक माणसांनी फोडून नेला आणि मध्ये काळ्या पाषाणाचा सुमारे २०० फूट उंचीचा सुळका तेवढा उभा राहिला. म्हणजे उपनगराने शहराला प्रथम आपले पाणी दिले, मग आपले डोंगर दिले. माणसे तेथे नंतर आली.

माणसे आणली ती रस्त्याने आणि रुळांनी. माहीमच्या खाडीवर पूल नसल्याने मचवे उलटून माणसे बुडत. लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी १,५७,००० रुपये देऊन पुढाकार घेतला, तेव्हा १८४५ साली माहीम-वांद्र्याचा बांध खुला झाला. त्याच सुमारास, १८४३ साली, मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असता त्यांच्या मनात ठाण्याकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना आली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित घेऊन घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या शिवारांतून ठाण्याला पोचली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिच्या तीन इंजिनांची नावे मुलांनाही ठाऊक आहेत. ज्या शिवारांतून ती गेली, तेथल्या शेतकऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

पश्चिमेच्या बाजूस १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी स्थानिक गाडी सुरू झाली. दिवसातून एक गाडी. सकाळी शहराकडे, संध्याकाळी परत. तिच्या थांब्यांच्या यादीत बोरिवली आणि अंधेरी आहेत. मालाड, कांदिवली, जोगेश्वरी, पार्ले यांची नावे नाहीत. आणि आजच्या गोरेगावच्या जागी पहाडी हे नाव आहे. या वेळापत्रकाकडे श्रोत्यांनी जरा बारकाईने पाहावे, अशी आमची विनंती आहे. सकाळी जाणे आणि संध्याकाळी परतणे एवढ्या दोनच ओळींत पुढल्या दीडशे वर्षांची दिनचर्या लिहून ठेवलेली आहे. शहराने उपनगराला काय मानले, तर झोपावयाची जागा. गाड्या वाढल्या, डबे वाढले, पण मूळ विचार तोच राहिला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि गच्च भरलेल्या चाळींतून माणसे बाहेर पळाली. शहर सुधारण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मोकळ्या हवेचे महत्त्व मध्यमवर्गाच्या मनात ठसले ते या साथीमुळे. १९२० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुलुंडला १९२० च्या दशकात काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची आखणी करून वस्ती वसविण्यात आली, आणि तो चौकटीचा नकाशा आजही तेथे चालताना पायांना जाणवतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ रोजी ती सोय कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत झाली. धुराची गाडी गेली आणि कारकुनाच्या आवाक्यात आले ते दोन खोल्यांचे, पुढे अंगण असलेले बिऱ्हाड.

हा उपनगराचा पहिला अवतार. दिवसा पाखरांचा आवाज, रात्री कोल्ह्यांचा. विहिरीचे पाणी, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, हातात कंदील आणि मनात सापाचे भय. त्या काळच्या रहिवाशांबद्दल आम्हांस विशेष आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. त्यांनी घरांबरोबर संस्थाही बांधल्या. पार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात याच पार्ल्यात सत्याग्रहींची छावणी होती. वस्ती लहान होती, तोवर वाढीचा वेग माणसाच्या पावलाचा होता. नवा बिऱ्हाडकरू आला, तर तो कोण, कोठला, हे महिन्याभरात गल्लीला कळत असे. शाळा, वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव यांच्या आधारे परका माणूस आपला होई. ही क्रिया पुरी होण्यास वेळ लागतो, हे लक्षात ठेवावे. पुढे नेमका हा वेळच नाहीसा झाला.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि निर्वासित आले. मुलुंडलाही सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बेटावरच्या जुन्या भाडेकरूस आधार दिला, पण नव्याने येणाऱ्यास पागडीवाचून दार उघडेना. त्याने मग आगगाडीचा पास काढला. १९५० साली महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरीपर्यंत व भांडुपपर्यंत आणली गेली आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. बृहन्मुंबई झाली. बोरिवलीचा माणूस आदल्या रात्री गावात झोपला आणि सकाळी उठला तो महानगरात.

आता काही आकडे सांगणे प्राप्त आहे. आकडे रुक्ष असतात खरे, पण येथे तेच अधिक बोलतात. उपनगरांच्या आजच्या हद्दीत १९५१ साली ६.६५ लाख लोक होते. १९६१ साली १३.८० लाख, १९७१ साली २९ लाख, १९८१ साली ४९.५८ लाख. तीस वर्षांत सुमारे ४३ लाखांची भर. म्हणजे तीस वर्षे सतत, सुट्टीचा वार न धरता, रोज सरासरी ३९० माणसे अधिक. रोज ३९० माणसांना पाणी हवे, चूल हवी, शौचकूप हवा, मुलांना बाक हवा, गाडीत उभे राहण्यापुरती जागा हवी. याच काळात बेटाची वस्ती २३.२९ लाखांवरून ३२.८५ लाखांवर गेली. म्हणजे वाढीचा बहुतेक भार उपनगरांनी वाहिला.

या तीस वर्षांत आपल्या आईवडिलांनी संसार केले. त्या जगण्याची चव सांगणारी काही लक्षणे आम्ही नोंदवितो. पहिले लक्षण असे, की कोठलीही गोष्ट पुरी झालेली दिसत नसे. इमारतीत राहावयास माणसे यावीत आणि रस्ता मागून यावा. रस्ता व्हावा आणि मग नळ टाकण्यासाठी तो खणावा. नळ यावा आणि वरच्या मजल्यावर पाणी चढू नये. म्हणून पहाटे चारला उठून पिंपे भरणे, हा गृहिणीच्या जीवनाचा नियम झाला. शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्यांत भरत. पत्ता सांगताना रस्त्याचे नाव चालत नसे. 'पिठाच्या गिरणीमागे', 'तबेल्यासमोर', 'चिंचेच्या झाडापासून डावीकडे' असेच सांगावे लागे. पुढे तबेला गेला, चिंच तुटली, आणि पत्ते तेवढे त्यांच्या नावाने चालू राहिले.

दुसरे लक्षण घरांच्या जातींचे. गृहनिर्माण मंडळाने घाटकोपरला पंतनगर आणि विक्रोळीला कन्नमवारनगर यांसारख्या वसाहती बांधल्या. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकीच्या सदनिकांचा कायदा यांनी कारकून-शिक्षकांना कर्ज काढून घराचा मालक होण्याचा मार्ग दिला. विक्रोळीला पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली जमीन घेतली होती. तेथे कारखान्यांबरोबर कामगारांची वसाहत उभी राहिली. जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांच्या भोंग्यांनी दुमदुमू लागला. पण भोंगा वाजविणाऱ्यांनी सर्व कामगारांच्या घराची सोय केली, असे झाले नाही. जे उरले त्यांनी खाणीच्या कडेला, नाल्याच्या काठाला, डोंगराच्या उतारावर आपले छप्पर आपणच घातले. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले आणि लिहीत राहिले. पंतनगरला दवाखाना चालविणारे डॉ. दत्ता सामंत प्रथम पुढारी झाले ते याच भागातल्या दगडखाणींतील कामगारांचे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचे नेतृत्व त्यांच्याकडे गेले. त्या संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि तेथली कित्येक कुटुंबे खोली विकून याच उपनगरांकडे आणि त्यापलीकडे आली.

तिसरे लक्षण कागदाचे. गावात माणूस ओळखीवर जगतो, वाढत्या शहरात तो पुराव्यावर जगतो. रेशनकार्ड कधीचे, वीजबिल कोणाच्या नावाचे, मतदारयादीत नाव कोणत्या सालापासून, या प्रश्नांवर त्याचे छप्पर टिकते. १९७६ साली झोपडपट्ट्यांची गणना होऊन ओळखपत्रे दिली गेली. पुढे १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० या तारखांना सीमारेषांचे महत्त्व आले. त्या तारखेच्या आदला माणूस रहिवासी, नंतरचा उपरा. म्हणून पत्र्याच्या खोलीत देवाच्या तसबिरीमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद असतात. पाणी घरात शिरले, तर बाई आधी मूल उचलते आणि मग ती पिशवी.

येथे आम्ही श्रोत्यांना क्षणभर चीनमध्ये नेऊ इच्छितो. वेगाने वाढणाऱ्या नगरांचे नाव निघाले, की आज सारे जग चीनकडे बोट दाखविते, आणि ही तुलना आपल्या दारातूनच सुरू होते. अंधेरीला १९७३ साली सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, म्हणजे आपले सीप्झ, स्थापन झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १९८० साली, हाँगकाँगच्या शेजारच्या शेंझेनला चीनने विशेष आर्थिक क्षेत्र ठरविले. तेव्हा त्या साऱ्या प्रदेशात तीन-साडेतीन लाख लोक होते. २०२० च्या जनगणनेत ते सुमारे १ कोटी ७५ लाख भरले. तेथेही गावे होती, भातशेती होती. शेते शहराने घेतली आणि गावकऱ्यांकडे गावठाण उरले. त्या चिंचोळ्या जागेत त्यांनी भाडेकरूंसाठी सहा-सात मजली इमारती इतक्या दाटीने उभ्या केल्या, की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करता यावे; लोक त्यांना 'हस्तांदोलनाच्या इमारती' म्हणूनच ओळखतात. कारखान्यात राबणारी खेड्यातली मुले याच खोल्यांत राहिली. तेथेही प्रश्न कागदाचाच. १९५८ पासून चालत आलेल्या हुकौ नावाच्या नोंदणीपद्धतीमुळे ज्याची नोंद गावची, त्याला शहरात काम मिळे, पण शाळा आणि दवाखाना यांचा पुरा हक्क मिळणे कठीण. आपल्याकडे सरकारने कोणाला येण्यास मनाई केली नाही आणि आलेल्याची सोयही केली नाही. त्यांनी रस्ते आधी बांधले, आपण माणसे आधी येऊ दिली. पद्धती निराळ्या, पण रात्री दहा बाय दहाच्या खोलीत शेजाऱ्याचा खोकला ऐकत पडलेल्या तरुणाचा अनुभव दोन्हीकडे एकच.

शेंझेनच्या गावठाणांवरून आपली गावठाणे आठवतात. अंधेरीकडची आंबोली, मरोळ, कोंडिवटे, चकाला, गुंदवली. बोरिवलीकडची एक्सर, शिंपोली, मागाठाणे. घाटकोपरचे किरोळ आणि असल्फा. आजही उंच इमारतींच्या मागे वळले, की एकाएकी कौलारू घर, लाकडी जिना, दाराशी क्रूस किंवा तुळशीवृंदावन दिसते. तेथल्या कुटुंबांचे पूर्वज कोठूनही आले नव्हते. ते कोठे गेलेही नाहीत. तरी आज सोसायटीचा पहारेकरी त्यांनाच विचारतो, "कोणाकडे जायचंय?" वाढत्या नगरीचा याहून क्रूर विनोद आम्हांस ठाऊक नाही. गाव सोडून परके होणे हे आपण समजू शकतो. गाव न सोडता परके होणे हे फक्त अशा नगरीतच घडते. आणि ज्याने तो प्रश्न विचारला तो पहारेकरीही बिचारा आपल्या मुलखापासून हजार मैलांवर, चार जणांच्या खोलीत पाळीने झोपणारा.

हीच गोष्ट आरेची. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. शहराने आता दूध मागितले होते. वारल्यांचे पाडे त्या हद्दीत आले. सत्तर वर्षांनी, २०१९ च्या ऑक्टोबरात, मेट्रोच्या गाड्यांच्या आगारासाठी त्याच आरेत दोन हजारांवर झाडे तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी तोड थांबविली. मेट्रो हवी होती, यात शंका नाही. गाडीच्या दाराला लोंबकळणाऱ्या माणसाला ती हवीच होती. पण प्रत्येक वेळी मागणी शहराची आणि देणे त्याच डोंगराचे, हा क्रम श्रोत्यांच्या ध्यानात आला असेल.

गाडीचा उल्लेख झाला, तेव्हा तिच्याविषयी थोडे सांगणे भागच आहे. उपनगरी माणसाचे खरे घर कोणते, असे विचारले, तर बोरिवलीच्या चाकरमान्याने दिवसाचे तीन तास जेथे काढले तो डबा, असेच उत्तर द्यावे लागेल. १९२५ साली चार डब्यांची गाडी पुरेशी होती. पुढे नऊ डबे झाले, १९८६ साली बारा, २००९ साली पंधरा. डब्यात भजनी मंडळे झाली, भाजी निवडली गेली, लग्ने जुळली, हळदीकुंकू झाले. १९९२ साली चर्चगेटहून केवळ स्त्रियांसाठी गाडी सुटू लागली. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहतात, असे रेल्वेच्याच जाणकारांनी मोजले. या गर्दीतून जे बंधुत्व निर्माण झाले त्याचे गोडवे आपण पुष्कळ गातो. परंतु एक आकडा त्यासोबत वाचलाच पाहिजे. या शतकाच्या पहिल्या दशकात या रुळांवर दरवर्षी तीन हजारांहून अधिक माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. युद्धात एवढी माणसे पडली असती, तर स्मारके उभी राहिली असती. हे शहर त्या जागेवरून पुढल्या चार मिनिटांत दुसरी गाडी नेते.

डोंगर आणि पाणी यांना मात्र विसर पडत नाही. माणसाने हिशेब लिहिला नाही, तरी ती दोघे लिहितात. २००० सालच्या जुलैमध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळली आणि साठांहून अधिक माणसे घरांसकट गाडली गेली. ज्या डोंगरांतून शहराने दगड नेला, त्यांच्याच कापलेल्या कड्यांखाली त्या शहराने आपले मजूर राहू दिले होते. मग आली २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. ढग फुटला तो उपनगरांवर. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून निघून साकीनाका, कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी, जिला आपण नाला म्हणून विसरलो होतो, ती आपल्या जुन्या पात्राची मोजणी करून गेली. साकीनाक्याला दरड कोसळून कित्येक बळी गेले.

त्या रात्री हजारो माणसे कमरेइतक्या पाण्यातून दादरहून बोरिवलीला, शीवहून मुलुंडला चालत गेली. अनोळखी माणसांनी दोऱ्या बांधून एकमेकांना ओढले, झोपडीतल्या बायांनी मोटारीत अडकलेल्यांना चहा दिला. शेजारधर्म मेला नाही, याची ती साक्ष होती, आणि आम्ही ती अभिमानाने सांगतो. पण शेजारधर्म हा गटारांना, मोकळ्या सोडलेल्या नदीकाठांना आणि वेळीच दिलेल्या घरांना पर्याय होऊ शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लोकांच्या सोशिकतेची स्तुती करून त्यांना पुन्हा त्याच उतारावर पाठविणे, ही स्तुती नव्हे.

आता वर्तमानाकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत उपनगरांची संख्या ९३.५७ लाख झाली आणि बेटाची १९९१ पेक्षाही कमी, ३०.८५ लाख. दर चार मुंबईकरांत तिघे उपनगरातले. ज्याला आपण बाहेरचा भाग म्हणत होतो तेच शहर झाले आहे. सकाळी सारी गर्दी दक्षिणेस जाते, हा जुना नियमही मोडला. अंधेरीला येणारी गर्दी अंधेरीहून जाणाऱ्या गर्दीशी स्पर्धा करते. १९२८ साली तुर्भे ते अंधेरी असा कुर्ल्यावरून जाणारा एक लोहमार्ग निघाला होता. तो १९३४ साली बंद पडला, आणि पूर्वेच्या उपनगरातून पश्चिमेच्या उपनगरात जाण्यास आगगाडीने दादरचा हेलपाटा घालणे नशिबी आले. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा ऐंशी वर्षांनी ही चूक काही अंशी दुरुस्त झाली.

परंतु याच वेळी एक दुसरे स्थलांतर सुरू झाले आहे. शास्त्री मार्गावरचे कित्येक कारखाने जाऊन तेथे बाजार-संकुले आणि मनोरे आले. १९६०-७० च्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून वीस-तीस मजले उभे राहत आहेत. ज्या पिढीने विहिरीच्या पाण्यावर आणि मातीच्या रस्त्यावर उपनगर वसविले, ती म्हातारपणी दोन-चार वर्षांसाठी भाड्याच्या जागेत जाते. काहींना परत येण्याचे भाग्य मिळते, काहींना मिळत नाही. परत आल्यावर घर मोठे असते, लिफ्ट असते, पाणी चोवीस तास असते, आणि या सुखांना आम्ही नावे ठेवणार नाही. पहाटे पिंपे भरलेल्या हातांना ती मिळालीच पाहिजेत. मात्र मजल्यावर शेजारी कोण राहतो, ते कळेनासे होते. जी ओळख होण्यास वीस वर्षे लागली ती विटांबरोबर उचलली गेलेली असते.

मग वाढ थांबवावी काय? तसे आमचे म्हणणे नाही. ज्याला आत जागा मिळाली त्याने मागून दार लावून घ्यावे, हा विचार शोभणारा नाही. या मंडपातल्या बहुतेकांचे आजोबा-पणजोबा कोकणातून, घाटावरून, खानदेश-वऱ्हाडातून, गुजरातेतून वा त्याहूनही दुरून ट्रंक घेऊन आले. ज्या भातखाचरात त्यांचे बिऱ्हाड उभे राहिले, त्या खाचराचा मालक त्यांच्याकडेही परका म्हणूनच पाहत होता. काल आलेल्याने आज आलेल्यास उपरा म्हणावे, हा या नगरीचा जुना रोग आहे, आणि त्यावर औषध एकच, आपल्या येण्याची आठवण ठेवणे.

आमचे मागणे म्हणूनच लहान आहे. प्रत्येक उपनगरात वाचनालय आहे, सेवा संघ आहे, व्याख्यानमाला आहे. त्यांनी एक वही घालावी. आपल्या वॉर्डातले तळे कोठे होते, ओढा कोणत्या वाटेने वाहत होता, कोणत्या टेकडीचा दगड गेला, गावठाणाची शीव कोठवर होती, कारखान्यात किती हात राबत होते, कोणती चाळ केव्हा पडली व तेथली माणसे कोठे गेली, हे वृद्धांना विचारून तारखेसह लिहावे. ही हौसेची गोष्ट नव्हे. ओढ्याची वाट कोणाला आठवत असती, तर त्या वाटेवर घरे बांधण्यास कोणी तरी हरकत घेतली असती. दरडीखालच्या खाणीची नोंद हाताशी असती, तर निदान पावसाळ्याआधी माणसे हलविण्याची मागणी अधिक जोराने झाली असती. ज्या नगरीला स्मृती नाही, तिला अंदाजही नसतो.

एक समाधानाची गोष्ट सांगून हे विवेचन संपवितो. १८६७ च्या पहिल्या गाडीच्या यादीतले पहाडी हे स्टेशन पुढे नाहीसे झाले आणि त्या जागी गोरेगाव आले, हे आम्ही आरंभी सांगितले. २०२३ च्या जानेवारीत पश्चिमेकडची मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा तिच्या एका स्थानकावर पाटी लागली, पहाडी गोरेगाव. तिच्याच पुढल्या स्थानकांत एक्सर आहे, मंडपेश्वर आहे. दुसऱ्या मार्गावर गुंदवली आणि मागाठाणे आहे. नावे परत आली आहेत. त्या नावांमागची माणसे, डोंगर आणि ओढे हेही आपल्या हिशेबात परत आणणे, हे आता आपले काम आहे.